मासा जिवंत आहे, पण त्याला वास येतोय का? (पाण्यातले धातू आणि माशांचं नाक)

धागाकर्ता: तळठाव

नदीत काहीतरी विषारी सुटतं, मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागतात, मग फोटो निघतात, नमुने घेतले जातात, चौकशी बसते. पण ज्या पाण्यात एकही मेलेला मासा दिसत नाही, त्या पाण्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मला त्या दुसऱ्या पाण्याबद्दल लिहायचं आहे. मत्स्यशरीरशास्त्र शिकलो तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही आणि मराठीत त्याबद्दल फारसं काही वाचायला मिळत नाही.

माशाचं नाक श्वासासाठी नसतं, श्वास कल्ल्यांनी होतो. बहुतेक माशांच्या नाकपुड्या घशाशी जोडलेल्याच नसतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत येतं, मागच्या छिद्रातून बाहेर जातं आणि मधल्या लहानशा पोकळीत पातळ पडद्यांचा एक गुच्छ असतो. त्या पडद्यांवर गंध टिपणाऱ्या चेतापेशी बसलेल्या असतात. एकाच पेशीचं एक टोक थेट पाण्यात आणि दुसरं टोक थेट मेंदूच्या गंधकंदात, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागात. मध्ये कातडी नाही, खवले नाहीत, फक्त श्लेष्म्याचा पातळ थर. बाहेरच्या जगाला मज्जासंस्था इतकी उघडी शरीरात क्वचितच कुठे असते. पाण्यात जे विरघळलंय ते सरळ या पेशींना भिडतं.

या नाकावर माशाचं काय काय अवलंबून असतं ते बघा. अन्नातून पाझरणारी अमिनो आम्लं तो अतिशय विरल प्रमाणात ओळखतो. जोडीदार अंडी घालायला तयार आहे हे त्याला पाण्यात उतरलेल्या संप्रेरकांवरून कळतं, गोल्डफिशमध्ये याचा सखोल अभ्यास झाला आहे. सामन मासे समुद्रात वाढून अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परत येतात ते त्या ओढ्याच्या वासावर, हे आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून केलेल्या कामातून पुढे आलं. आणि चौथी गोष्ट, जी या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: धोका. १९३८ साली कार्ल फॉन फ्रिश यांच्या लक्षात आलं की मिनो जातीच्या एका माशाची कातडी फाटली की तिच्यातून असं काहीतरी पाण्यात उतरतं, ज्याचा वास लागताच थव्यातले बाकीचे मासे घाबरून लपतात. हा इशारा. लहान मासा तो मिळताच जागच्या जागी थिजतो, तळाशी जातो, हालचाल थांबवतो. शिकारी हालचालीवर टपलेला असेल तर हे थिजणंच त्याचा जीव वाचवतं.

आता तांबं. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या संशोधकांनी कोहो सामनच्या पिलांवर २००३ साली केलेल्या प्रयोगांत दिसलं की मूळ पाण्यात जेवढं तांबं होतं त्यावर लिटरमागे फक्त २ ते ३ मायक्रोग्रॅम वाढलं तरी नाकाचा विद्युत प्रतिसाद मोजण्याइतका घटतो. तोही काही मिनिटांत. २ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? ऑलिम्पिक आकाराच्या तरणतलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात ५ ग्रॅम तांबं विरघळलं की झालं.

२००७ साली त्याच दिशेच्या कामात पिलांना तीन तास २ ते २० मायक्रोग्रॅमच्या पाण्यात ठेवलं आणि मग इशाऱ्याचा गंध सोडला. नाक जितकं बधिर झालं होतं, तितकं थिजणंही कमी झालं. वास आला नाही म्हणून पिलू पोहतच राहिलं.

पुढचा प्रश्न साहजिक होता, तो २०१२ साली तपासला गेला: अशा पिलांसमोर खरा शिकारी सोडला तर? कटथ्रोट ट्राउट हा मासा कोहोची पिलं खातो. फक्त ५ मायक्रोग्रॅमच्या पाण्यात तीन तास राहिलेली पिलं ट्राउटच्या तोंडी लवकर सापडली. ट्राउटलाही तेच पाणी दिलं तरी पिलांची सुटका झाली नाही, कारण ट्राउट नजरेने शिकार करतो आणि हलणारं पिलू त्याला दिसतंच.

यातलं एकही पिलू तांब्याने मेलेलं नाही. नदीकाठी उभं राहून पाहिलं तर प्रेतही सापडणार नाही, ते ट्राउटच्या पोटात आहे. म्हणून मला वाटतं, मेलेले मासे मोजून पाण्याची परीक्षा करायची आपली सवयच अपुरी आहे. यावर इथल्या जाणकारांनी लिहावं. ज्यांनी पाणी तपासलंय, मासे पाळलेत, गळ टाकलाय, त्यांनी तर जरूर.

---

निळाई:

वाचनखूण साठवली. एक शंका. पाण्यात काही वाईट आलं तर मासा तिथून निघून जाणार नाही का? त्याला पळायला जागा असते, प्रयोगातल्या टाकीत नसते.

---

तळठाव:

निळाई, फार चांगली शंका. मासे निघून जातातच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात चिनूक सामन आणि इंद्रधनुषी ट्राउट यांना दोन बाजूंना दोन प्रकारचं पाणी दिलं होतं. लिटरमागे १-२ मायक्रोग्रॅमच्या आसपास तांबं असलं तरी ते ती बाजू टाळत होते. म्हणजे तांबं त्यांना जाणवतं.

पण पुढचं वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. मात्रा वाढवत नेल्यावर चिनूकनी ते पाणी टाळणं सोडून दिलं, साधारण ४४ मायक्रोग्रॅमच्या पुढे. ज्या इंद्रियाने धोका ओळखायचा तेच निकामी झालं. थोडं वाईट पाणी माशाला हुसकावून लावतं आणि जास्त वाईट पाणी त्याला आत राहू देतं.

आणि टाळणं हेही फुकट नसतं. वरच्या ओढ्यात अंडी घालायला निघालेला मासा वाटेतल्या एका पट्ट्यापाशी अडून राहिला किंवा परत फिरला, तर त्या वर्षीची अंडी कुठे पडणार?

---

चिकित्सक:

लेख आवडला, पण काही गोष्टी खटकतात. एक, तांबं हे विष नाही, ते आवश्यक मूलद्रव्य आहे. प्रत्येक पेशीच्या श्वसनात तांब्यावर चालणारं विकर लागतं. दोन, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली तांब्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. तुम्ही २ मायक्रोग्रॅमने मासा आंधळा होतो म्हणताय (नाकाने आंधळा म्हणू). हजारपट फरक. तीन, निसर्गातल्या पाण्यात १-२ मायक्रोग्रॅम तांबं आधीच असतं, तरी मासे लाखो वर्षं जगले आहेत. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यातले आकडे नदीला लावणं मला घाईचं वाटतं.

---

तळठाव:

चिकित्सक, तिन्ही मुद्दे योग्य जागी बोट ठेवणारे आहेत.

आवश्यक आहे, मान्य. पण पेशीच्या आत प्रथिनांनी धरून ठेवलेलं तांबं वेगळं आणि नाकातल्या उघड्या पेशीवर येऊन आदळणारा तांब्याचा मोकळा आयन (विद्युतभारित कण) वेगळा. शरीराला लागणारं तांबं मासा मुख्यतः अन्नातून घेतो.

हजारपट फरक का, याचं उत्तर आपण पाणी पितो आणि मासा पाण्यात असतो यात आहे. आपण गिळलेलं तांबं आतड्यात आणि यकृतात आवरलं जातं. मासा दिवसरात्र ते पाणी कल्ल्यांवरून आणि नाकातून खेळवत असतो. तेव्हा "पिण्यायोग्य" या शिक्क्याचा माशाला काहीच उपयोग नाही.

लाखो वर्षांचं म्हणाल तर ज्या ओढ्यात नैसर्गिकरीत्या १-२ मायक्रोग्रॅम आहे, तिथले मासे त्यावर निभावतात. म्हणूनच मी "मूळ पाण्यात होतं त्यावर" असं लिहिलं. घात होतो तो अचानक भर पडल्याने, काही तासांत. आणि प्रयोगशाळा विरुद्ध नदी यावर मोजपट्टी आले तर बरं होईल, ते पाणीतपासणीतले आहेत.

---

मोजपट्टी:

आलो. हा धागा वाचून गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिली गोष्ट रसायनाची. नदीतलं सगळं तांबं सारखं नसतं. काही गाळाच्या कणांना चिकटलेलं, काही कुजलेल्या पानांमधून आलेल्या सेंद्रिय आम्लांनी धरलेलं, काही कार्बोनेटसोबत आणि थोडं मोकळं. नाकाला झोंबतं ते मुख्यतः मोकळं. त्यामुळे विरघळलेला सेंद्रिय कार्बन भरपूर असलेल्या, तपकिरी झाक असलेल्या पाण्यात माशाचं नाक बरंच सुरक्षित राहतं, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. उलट डोंगरातला काचेसारखा नितळ ओढा, ज्याला आपण सगळ्यात शुद्ध म्हणतो, तो सगळ्यात नाजूक. तिथे तांब्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. चिकित्सक, तुमचा आक्षेप तपकिरी पाण्यापुरता खरा आहे, नितळ ओढ्याला तो लागू होत नाही.

दुसरी गोष्ट कठीणपणाची, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. तांब्याने मासा *मरतो* तो कल्ल्यांमुळे. तांबं कल्ल्यांतून सोडियम आत घेण्याची क्रिया अडवतं, शरीरातलं मीठ गळत जातं आणि मासा संपतो. पाणी कठीण असेल, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल, तर कल्ल्यांना संरक्षण मिळतं. म्हणून जुने नियम कठीणपणावर बेतले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या जुन्या निकषात १०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्यासाठी अल्पकालीन मर्यादा १३ आणि दीर्घकालीन मर्यादा ९ मायक्रोग्रॅम होती. पाणी जितकं कठीण, तितकी मर्यादा सैल.

पण नाकाला कठीणपणाचा आधार फारच थोडा मिळतो. कोहोवरच्या प्रयोगांत कठीणपणा वाढवूनही नाक वाचलं नाही. म्हणजे कठीण पाण्यात नियम सांगतो "आणखी थोडं तांबं चालेल", कल्ले म्हणतात "चालेल", आणि नाक तोवर गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. तपासणी अहवालात तांब्यापुढे "आढळले नाही" असं लिहिलेलं असतं. वाचणारा निश्चिंत होतो. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की यंत्राच्या शोधमर्यादेपेक्षा कमी. ज्योतीवर चालणारं साधं अणुशोषण यंत्र असेल तर ती मर्यादा वीस-तीस मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकते. २ मायक्रोग्रॅमवर नाक बधिर होतं आणि यंत्राला ३० च्या खाली काही दिसत नाही, अशा वेळी त्या "आढळले नाही"ला काय किंमत? ग्रॅफाइट भट्टीचं किंवा आयसीपी-एमएस नावाचं, जास्त सूक्ष्म मोजणारं यंत्र लागतं. नमुनाही तसाच घ्यावा लागतो: आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली, जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळणं, मग नायट्रिक आम्लाचे थेंब. यातलं एक चुकलं तरी बाटलीचं किंवा हाताचं तांबं मोजलं जातं.

---

रानवाट:

मोजपट्टी, शोधमर्यादेचा परिच्छेद प्रत्येक अहवालासोबत जोडायला हवा. वाचतोय.

---

शिंपला:

मी समुद्री मासे पाळते. अंगावर पांढरे ठिपके येणाऱ्या परजीवीवर तांब्याचं औषध हा जुना उपाय आहे. वेगळ्या टाकीत लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम आयनिक तांबं काही आठवडे टिकवायचं, रोज मोजायचं. म्हणजे तुमच्या हिशोबाने १५० ते २०० मायक्रोग्रॅम! माझे मासे त्यातून बरे होऊन निघतात, खातात, रंगही छान राहतो. मग हे कसं?

---

तळठाव:

शिंपला, दोन कारणं.

एक, ते खारं पाणी आहे. समुद्राच्या पाण्यात तांब्याचा नाकावरचा परिणाम गोड्या पाण्याच्या मानाने बराच सौम्य असतो. क्षार भरपूर असल्याने पेशीशी झोंबायला तांब्याला मोकळी जागा मिळत नाही. हेच प्रमाण गोड्या पाण्यातल्या सामनच्या पिलांना दिलं असतं तर नाकच काय, पिलंही राहिली नसती.

दोन, समजा तुमच्या माशाचं नाक काही दिवस मंदावलंही असतं, तरी ते तुम्हाला कळलं असतं का? टाकीत अन्न डोळ्यांसमोर पडतं, ते नजरेने खाता येतं. शिकारी नाही. घरी परतायचा ओढा नाही. जोडीदार शोधायला मैल तुडवायचे नाहीत. गंधावाचून जगता येईल असं आयुष्य तुम्ही त्याला दिलेलं आहे, प्रेमाने दिलेलं आहे. नदी असं आयुष्य देत नाही.

औषध देताना रोज मोजता हे वाचून बरं वाटलं. बरेच जण अंदाजाने ओततात.

---

शिंपला:

पटलं. एक भर घालते: त्या टाकीत गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ काही ठेवता येत नाही, तांब्याने मरतात. आणि तांबं वाळूत आणि दगडांत मुरून बसतं, म्हणून औषधाची टाकी कायमची वेगळी ठेवायची असते.

---

ओलावा:

शेतीच्या बाजूने लिहितो. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण १८८०च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत आलं आणि आजही जगभर बुरशीवर तेच फवारतात, सेंद्रिय शेतीतसुद्धा. शिवाय तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात. मला कायम सांगण्यात आलं की तांबं मातीत बांधलं जातं, पुढे जात नाही. हे कितपत खरं?

---

मोजपट्टी:

ओलावा, अर्धं खरं. मातीतले सेंद्रिय पदार्थ तांब्याला घट्ट धरतात, त्यामुळे ते पाझरून खोल फारसं जात नाही. पण वर्षानुवर्षं वरच्या थरात साचत राहतं, आणि जोराच्या पावसात मातीच वाहून गेली की मातीसोबत तेही जातं. फवारणी झाल्या झाल्या पाऊस आला तर पानांवरचं ताजं तांबं थेट ओघळात उतरतं.

तळ्यातल्या मोरचुदाचा हिशोब मात्र सरळ आहे. मोरचुदाच्या वजनाचा साधारण चौथा भाग तांबं असतो. लिटरला १ मिलिग्रॅम मोरचूद म्हणजे २५० मायक्रोग्रॅम तांबं. तळ्यात बोटुकली (माशांची बोटभर पिलं) सोडलेली असेल तर मासे मेले नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच आठवड्यात बगळे आणि मोठे मासे बोटुकलीवर ताव मारत असतील तर त्याचं कारण पाण्यात असू शकतं. शिवाय क्षारता कमी असलेल्या मऊ पाण्यात हे प्रमाण बोटुकलीला सरळ मारूही शकतं.

---

ओलावा:

बोटुकली कमी का भरते याचं खापर आम्ही नेहमी पक्ष्यांवर फोडत आलो. या दिशेने कुणी बोललंच नव्हतं.

---

गळकरी:

शहरांच्या बाजूने मी लिहितो, गळ टाकणारा माणूस आहे. गाड्यांच्या ब्रेकमध्ये तांबं असायचं, अजूनही कित्येक ठिकाणी असतं. प्रत्येक ब्रेकसोबत बारीक भुगा रस्त्यावर पडतो आणि पहिल्या पावसात गटारातून नदीत जातो. माशांच्या नाकावरच्या या संशोधनाचा आधार घेऊनच वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन अमेरिकी राज्यांनी २०१० साली ब्रेकमधल्या तांब्यावर कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून वजनाच्या ५ टक्के आणि २०२५ पासून अर्धा टक्का अशी मर्यादा आहे. मासा मेला म्हणून नव्हे, तर त्याला वास येत नाही म्हणून गाडीचा सुटा भाग बदलला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पहिल्या पावसानंतर शहरी ओढ्यांत कोहो सामन तडफडून मरतात, तेही तांब्यानेच ना?

---

तळठाव:

गळकरी, ब्रेकची माहिती इथे यायलाच हवी होती, आभार. पण शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ही गल्लत बऱ्याच ठिकाणी होते. अंडी घालायला आलेल्या प्रौढ कोहोंचं ते तडफडून मरणं वेगळं. बराच काळ धातूंवर संशय होता, पण २०२० च्या अखेरीस कारण सापडलं: टायरच्या रबरात घालतात त्या ६पीपीडी या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारा ६पीपीडी-क्विनोन. तो मारतो. तांबं पिलांचं नाक घेतं. दोन्ही एकाच पावसात, एकाच रस्त्यावरून येतात, म्हणून एकावर उपाय केला की दुसरं सुटलं असं होत नाही.

जहाजांच्या रंगाचंही इथेच सांगतो. बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिनचे रंग लावायचे. त्याने गोगलगायींचं प्रजनन बिघडलं, आणि २००८ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद झाले. त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर तांब्याच्या रंगांनी घेतली. बंदिस्त धक्क्यांमध्ये, जिथे पाणी फारसं बदलत नाही, तिथे हे तांबं साठतं.

---

पाऊलवाट:

आतापर्यंत सगळं तांब्यावर चाललंय. शिसं, पारा, कॅडमियम हे नाकाला काही करत नाहीत का?

---

तळठाव:

करतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

कॅडमियमचा २००३ सालचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. इंद्रधनुषी ट्राउटच्या पिलांना सात दिवस लिटरमागे २ मायक्रोग्रॅम कॅडमियमच्या पाण्यात ठेवलं. इशाऱ्याचा गंध सोडल्यावर त्यांचं बचावाचं वागणं पार गेलं होतं. दुसऱ्या गटाला कॅडमियम अन्नातून दिलं, शरीरात साठलेलं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखं होईल अशा बेताने. त्या पिलांचं वागणं ठीक राहिलं. म्हणजे शरीरात किती कॅडमियम आहे यावर काही ठरलं नाही, ते कुठल्या वाटेने आलं यावर ठरलं. पाण्यातलं कॅडमियम नाकात शिरून गंधाच्या चेतातंतूवरून गंधकंदापर्यंत सरकलेलं दिसलं. माशाचं मांस तपासून "धातू कमी आहे" असा दाखला देणाऱ्यांनी हा प्रयोग वाचायला हवा.

पारा, निकेल आणि मॅंगनीज हेही याच वाटेने जाऊ शकतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो पहारा असतो, तो नाकाच्या दाराला नाही.

निकेल आणि तांबं यांची तुलना तर विलक्षणच. नाकात गंधपेशींचे दोन मोठे प्रकार असतात, एकीच्या टोकाला लांब केसल आणि दुसरीच्या टोकाला आखूड सूक्ष्मांकुर. फॅटहेड मिनो या माशात तांबं प्रामुख्याने पहिलीवर आघात करतं आणि निकेल दुसरीवर. या पेशी वेगवेगळे गंध टिपतात. म्हणजे धातू बदलला की माशाच्या जगातून वेगळाच गंध गायब होतो. जिथे दोन्ही धातू एकत्र असतात, खाणींच्या खाली असतातच, तिथे काय होत असेल याचा विचार करा.

---

निळाई:

हे वाचून वाईट वाटतंय. गेलेलं नाक परत येतं का?

---

तळठाव:

येतं. या विषयातली आशेची गोष्ट हीच आहे.

गंधपेशी मरून पुन्हा उगवतात, माशांतही आणि आपल्यातही. मात्रा कमी असेल तर पेशी मरत नाहीत, नुसत्या गप्प होतात, आणि स्वच्छ पाणी मिळाल्यावर लवकर बोलू लागतात. मात्रा जास्त असेल तर पेशीच जातात आणि नवीन यायला आठवडे लागू शकतात.

कॅनडात सडबरी परिसरात निकेल-तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांमुळे आजूबाजूच्या तळ्यांत अनेक दशकं धातू साचत गेले. तिथल्या पिवळ्या पर्च माशांचं नाक बिघडलेलं आढळलं. पण त्या तळ्यांतले मासे स्वच्छ तळ्याच्या पाण्यात हलवल्यावर एका दिवसात त्यांचा गंधप्रतिसाद सुधारला. जन्मभर धातूच्या पाण्यात काढलेले मासे होते हे. म्हणजे नुकसान कायमचं कोरलं गेलेलं नव्हतं, पाणीच त्यांना रोज नव्याने बधिर करत होतं.

---

चिकित्सक:

आता नियमांकडे येऊ. कठीणपणाचा निकष नाकासाठी कमी पडतो हे मोजपट्टींनी नीट मांडलं. पण अमेरिकेने २००७ मध्ये तांब्यासाठी नवा निकष आणला, ज्यात सेंद्रिय कार्बन, सामू (pH), क्षार सगळं धरून मोकळं तांबं किती हे काढतात. नंतर झालेल्या पडताळण्यांत हा निकष बहुतेक पाण्यांत नाकालाही पुरेसं संरक्षण देतो असं दिसलं आहे. तेव्हा "सगळे नियम मृत्यूवर बेतलेले, म्हणून निरुपयोगी" असं चित्र उभं राहू नये.

---

मोजपट्टी:

बरोबर, आणि हे नोंदवलंत हे चांगलं केलंत. निकष चांगला आहे. अडचण वापरात आहे. त्यासाठी एका नमुन्यामागे दहाच्या आसपास घटक मोजावे लागतात, तेही वेगवेगळ्या ऋतूंत. खर्च आणि कटकट टाळायला कित्येक ठिकाणी अजून जुना कठीणपणाचा तक्ताच चालतो. आणि कुठलाही निकष महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावर लावला, तर पावसाच्या पहिल्या दोन तासांतला तांब्याचा लोंढा त्यात येतच नाही. माशाचं नाक जायला तेवढे दोन तास पुरतात.

---

रानवाट:

अलास्कातल्या ब्रिस्टल बे इथल्या प्रस्तावित पेबल खाणीच्या वादात हा मुद्दा आला होता ना? जगातली सगळ्यात मोठी सॉकआय सामनची वीण तिथे आहे आणि वरच्या अंगाला तांब्याचा प्रचंड साठा.

---

तळठाव:

हो. अमेरिकी पर्यावरण संस्थेने २०१४ साली त्या खोऱ्याचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात तांब्याने सामनच्या गंधज्ञानाला पोचणाऱ्या धोक्याचा विचार आहे. जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ पाणी कायद्याखाली त्या साठ्याच्या खाणीचा मलबा तिथल्या ओढ्यांत आणि पाणथळीत टाकायला मनाई झाली. कारणं अनेक होती, प्रामुख्याने ओढे आणि पाणथळी नष्ट होणं. पण तिथलं पाणी मऊ, नितळ, सेंद्रिय कार्बन कमी असलेलं. मोजपट्टींनी वर्णन केलेला सगळ्यात नाजूक ओढा तो हाच.

---

पाऊलवाट:

शेवटचा प्रश्न. नाक गेलं तर मासा डोळ्यांवर, किंवा अंगाच्या कडेने जी पार्श्वरेषा असते तिच्यावर भागवू शकत नाही का?

---

तळठाव:

थोडंफार भागवतो, नितळ पाण्यात आणि दिवसा. पण पार्श्वरेषेवर भिस्त ठेवता येत नाही. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या तिच्या केसपेशीही अशाच उघड्या असतात. झेब्राफिशच्या पिलांत विरघळलेलं तांबं त्या केसपेशी मारतं, हे नीट दाखवलं गेलं आहे. त्यासुद्धा पुन्हा उगवतात, पण तोवर नाक आणि पार्श्वरेषा दोन्ही एकाच वेळी गेलेली असतात. उरतात डोळे, आणि पावसाच्या लोंढ्यासोबत पाणी गढूळही झालेलं असतं.

---

ओलावा:

मोजपट्टी, मला आमच्या तळ्याचं पाणी तपासून घ्यायचं आहे. प्रयोगशाळेला नेमकं काय सांगू?

---

मोजपट्टी:

"एकूण तांबं" नको, "विरघळलेलं तांबं" हवं म्हणा आणि शोधमर्यादा १ मायक्रोग्रॅम किंवा कमी आहे का हे आधी विचारा. नसेल तर दुसरी प्रयोगशाळा शोधा. सोबत सामू, कठीणपणा, क्षारता आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजून घ्या, त्याशिवाय तांब्याच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. एक नमुना मोरचूद टाकायच्या आधीचा, एक टाकल्यावर काही तासांनी, एक आठवड्याने. आणि एक जोराचा पाऊस चालू असताना, ओघळ तळ्याला मिळतो त्या तोंडापाशी. गाळणं जागेवरच करायचं आहे, घरी आणून नाही. आकडे आले की इथेच टाका, मिळून बघू.